पाच दिवसांची लढाई, नंतरचे महिने

हैदराबादेत कोठीच्या चौकातून आत वळले की सुलतान बाजार लागतो. साड्यांची आणि बांगड्यांची दुकाने, अरुंद रस्त्यात घुसलेल्या हातगाड्या, डोक्यावरून जाणारी मेट्रो आणि दक्खिनी, तेलुगू, मारवाडी, मराठी अशा चार बोलींत चाललेली घासाघीस. बाजाराला लागूनच एका मोठ्या आवारात उंच खांबांची भव्य इमारत उभी आहे. आज तिथे महिलांचे विद्यापीठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिक नावाच्या ब्रिटिश रेसिडेंटाच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, काळात, निजामाच्या पैशाने ती बांधली गेली आणि तिथून ब्रिटिश रेसिडेंट निजामाच्या दरबारावर लक्ष ठेवू लागले.

सुलतान बाजार या रेसिडेन्सीच्या सावलीत वाढला. १९३३ पर्यंत इथला कारभार निजामाकडे नव्हता, रेसिडेंटाकडे होता. निजामाच्या राजधानीत, त्याच्या कोतवालाच्या हाताबाहेरचा असा हा मुलूख. बाजाराची हद्द ओलांडली की सभा घ्यायला सरकारी परवानगी लागे. त्यासाठी काढलेले ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक कार्यकर्त्यांच्या तोंडी शिवीसारखे बसले होते. हद्दीच्या आत मात्र मोकळे बोलता येई, छापता येई, वाचता येई. म्हणून सार्वजनिक संस्थांनी हाच परिसर धरला. १८९२ मध्ये सुलतान बाजारात आर्य समाज आला. १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय उघडले. १९०७ मध्ये केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच विवेक वर्धिनी शाळा काढली आणि १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. १९३१ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले, ते या संस्थांनी मशागत केलेल्या जमिनीवर.

निजामाच्या या राजधानीच्या इतिहासात एक मोठा वादही दडलेला आहे. दहशतीला उत्तर म्हणून दुसऱ्याच्या मुलखात सैन्य घुसवणे योग्य की अयोग्य, हा वाद आपण अफगाणिस्तान किंवा इराकच्या संदर्भात ऐकतो. मराठी माणसाच्या घरात मात्र तो त्याआधी अर्धशतकापासून चालू आहे. १९४८ साली भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. मराठवाड्यात आजही जुनी माणसे जन्मसाल सांगताना ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी’ किंवा ‘नंतर’ असे सांगतात. दोन्ही बाजूंची माणसे आजही आपापले उत्तर ठामपणे देतात. पण वाद नीट तपासला तर दिसते की, तो एकच प्रश्न नाही.

परदेश की घरचे अंगण?

हैदराबाद हे काही छोटेमोठे संस्थान नव्हते. १९४१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. सोळा जिल्हे होते : आठ तेलुगू, तीन कानडी आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी. स्वतःचे चलन, स्वतःची रेल्वे, स्वतःचे टपाल, स्वतःची फौज. प्रजेत हिंदू सुमारे पंच्याऐंशी टक्के, पण वरिष्ठ नोकऱ्या आणि फौज यांत मुसलमानांचे प्राबल्य आणि राज्यभाषा उर्दू.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून सांगितले की, इंग्रज गेल्यावर हैदराबाद सार्वभौम राहील. कायद्याच्या काटेकोर भाषेत हा दावा हास्यास्पद नव्हता. इंग्रजांचे अधिराज्य संपताच संस्थानांवरचे बंधन सुटणार, असे ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यातच होते. भारताची बाजू निराळी होती. चहूबाजूंनी भारताने वेढलेला, समुद्राला न लागणारा, पंच्याऐंशी टक्के प्रजेला राज्यकारभारात स्थान नसलेला प्रदेश ‘परदेश’ कसा असेल? २९ नोव्हेंबर १९४७ रोजी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

करार दुसऱ्याने मोडला, असे दोघेही म्हणत राहिले. हैदराबादने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांत दिले आणि भारतीय चलनाच्या व्यवहारावर बंदी घातली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून शस्त्रे आणू लागला. उलट हैदराबादची तक्रार अशी की, भारताने अघोषित नाकेबंदी करून मीठ, औषधे, इंधन अडवले. संस्थानचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी पुढे पुस्तक लिहून ही बाजू मांडली.

रझाकारी

या ओढाताणीत तिसरीच शक्ती मोठी झाली. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेची सूत्रे १९४६ मध्ये लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती गेली. त्याने स्वयंसेवकांच्या दलाला, म्हणजे रझाकारांना, निमलष्करी रूप दिले. भाषणात तो दिल्लीच्या लाल किल्ल्यावर निजामाचा आसफजाही झेंडा फडकवायच्या गोष्टी करी. खेड्यापाड्यांत त्याच्या माणसांनी जाळपोळ, लूट, खून आणि बायकांवर अत्याचार केले. बिदर जिल्ह्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये आणि तेलंगणातल्या भैरनपल्लीत ऑगस्टमध्ये झालेल्या कत्तली आजही स्थानिक स्मृतीत ताज्या आहेत. २२ मे रोजी गाणगापूर स्टेशनवर रेल्वेगाडीवर हल्ला झाला, तेव्हा ही बातमी देशभर पोचली. मराठवाड्यातली हजारो कुटुंबे सोलापूर, नगर, वऱ्हाडाकडे निघून गेली.

रझाकारांचा धाक फक्त हिंदूंना होता, असे मानणे चूक आहे. शोएबुल्ला खान हा ‘इम्रोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. वय सत्तावीस. त्याने रझाकारांवर सडकून टीका केली. विलीनीकरण करा आणि रझाकार बरखास्त करा, असे निजामाला सांगणारे सात मुसलमान पुढाऱ्यांचे पत्रकही छापले. सरकारी नोकरीचा राजीनामा दिलेले फरीद मिर्झा त्या सातांपैकी एक. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतले काम आटोपून शोएबुल्ला घरी निघाला. सुलतान बाजारापासून चालत जाता येईल अशा काचीगुड्यात त्याला गाठले, गोळ्या घातल्या आणि ज्या हाताने तो लिहीत असे तो हात तोडला. पहाटे तो गेला.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण हैदराबादच्या वतीने ती त्याच वेळी मांडली जात होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसची चळवळ १९३८ पासून सत्याग्रहाची होती. पण स्वामीजी तुरुंगात गेल्यावर सरहद्दीलगतच्या भारतीय प्रांतांत, उमरखेडसारख्या ठिकाणी, सशस्त्र कॅम्प उभे राहिले. तिथून संस्थानातल्या पोलीस ठाण्यांवर, करोडगिरीच्या नाक्यांवर छापे पडत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी येथील बँक लुटून चळवळीसाठी पैसा उभा केला गेला. त्याआधी ४ डिसेंबर १९४७ रोजी आर्य समाजाशी संबंधित नारायणराव पवार यांनी किंग कोठीजवळ निजामाच्या मोटारीवर बॉम्ब फेकला. निजाम वाचला आणि पवारांना फाशीची शिक्षा झाली. विलीनीकरणानंतर ते सुटले. तेलंगणात कम्युनिस्टांचे दलम, म्हणजे सशस्त्र तुकड्या, देशमुखांच्या गढ्यांवर चालून जात होते. या साऱ्यांची बरोबरी गावे जाळणाऱ्या रझाकारांशी करता येणार नाही. पण निजामाचे सरकार जगापुढे जाऊन ‘हिंसा सीमेपलीकडून येते आहे’ असे म्हणे, ते निव्वळ बनाव नव्हते.

सैन्य पाठवावे की थांबावे?

दिल्लीत यावर महिनोन्महिने खल चालला. सरदार पटेलांना आता आणखी वाट पाहणे परवडत नव्हते. नेहरूंना उद्दिष्ट मान्य होते, वेळ पटत नव्हती. काश्मीरमध्ये लढाई चालू होती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. हैदराबादेत फौज घुसली तर देशभर पुन्हा दंगली पेटतील, ही त्यांची भीती होती. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांनी जाण्यापूर्वी तडजोडीचा मसुदा तयार केला. त्यात सार्वमत होते, जबाबदार राज्यपद्धती होती आणि रझाकारांवर टप्प्याटप्प्याने बंदी होती. भारताला तो सौम्य वाटत होता, तरी पटेलांनी मान तुकवली. निजामाने जून १९४८ मध्ये तो नाकारला आणि २१ जूनला माउंटबॅटन भारतातून गेले. नंतर बरेच जण म्हणाले, या मसुद्यावर सही झाली असती तर रक्त सांडले नसते. ते खरे असेल, पण सही न करण्याचा दोष दिल्लीच्या माथी मारता येत नाही.

लष्करात वेगळीच कुरबुर होती. सेनाप्रमुख जनरल रॉय बुचर यांना मोहीम जोखमीची वाटत होती. काश्मीरमुळे फौज ताणलेली होती, शिवाय मुंबई-अहमदाबादवर विमानहल्ले झाले तर? १२ सप्टेंबरच्या रात्री त्यांनी पटेलांना दूरध्वनी करून मोहीम लांबणीवर टाकण्याची विनंती केली. पटेलांनी ती फेटाळली. आदल्याच दिवशी कराचीत जिनांचा मृत्यू झाला होता.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आंतरराष्ट्रीय होता. २१ ऑगस्टला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नोंदवली होती. ती सुनावणीला येण्याआधीच सैन्य निघाले. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषद भरली, तेव्हा प्रश्न कार्यसूचीवर घ्यायच्या बाजूने आठ मते पडली. विरोधात एकही नाही. सोव्हिएत युनियन, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार यांनी हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, मग तक्रार कसली, असा पवित्रा घेतला. काही दिवसांनी खुद्द निजामाची तार आली की तक्रार मागे घेत आहोत. फौजेच्या ताब्यात असलेल्या राजाने पाठवलेल्या तारेला किती किंमत द्यायची, यावर कायदेपंडित अजून भांडतात.

दिल्लीने मोहिमेला युद्ध म्हटले नाही, पोलिसी कारवाई म्हटले, ते याच कारणाने. युद्ध दोन देशांत होते. पोलिसी कारवाई घरातल्या घरात होते.

सारे मुद्दे समोर ठेवले की माझे मत असे होते : सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्य पाठवण्याला पर्याय उरला नव्हता. वाटाघाटी वर्षभर झाल्या होत्या. ७ सप्टेंबरला नेहरूंनी जाहीर मागणी केली की, रझाकार संघटना ताबडतोब विसर्जित करा आणि भारतीय तुकड्यांना सिकंदराबादच्या छावणीत परत येऊ द्या. तीही धुडकावली गेली. निजामाला रझवीला आवरता येत नव्हते की आवरायचे नव्हते, याने गावात जळणाऱ्या घराला काही फरक पडत नव्हता. सुरक्षा परिषदेची वाट पाहून ती घरे वाचली असती, असे मानायला आधार नाही.

बोरी नदीवरचा पूल

१३ सप्टेंबरच्या पहाटे फौजा निघाल्या. दक्षिण कमांडचे प्रमुख राजेंद्रसिंहजी होते आणि मुख्य चढाईची धुरा मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्याकडे होती. मुख्य वाट सोलापूर-हैदराबाद रस्त्याची. या रस्त्यावर नळदुर्गाजवळ बोरी नदी आडवी येते. पूल उडवला असता तर रणगाडे पावसाळ्यातल्या नदीकाठी अडकून पडले असते. म्हणून पहिली घाई किल्ल्याची आणि पुलाची. पूल अखंड हाती लागला आणि मोहिमेचे निम्मे काम तिथेच झाले. दुसरी फळी विजयवाड्याकडून सूर्यापेठमार्गे आली. आणखी तुकड्या औरंगाबाद, जालना आणि इतर बाजूंनी शिरल्या.

निजामाचा सेनापती एल एद्रूस याच्याकडे बऱ्यापैकी तयार असे काही हजार सैनिक होते. बाकी अनियमित फौजा आणि लाठ्या, भाले, भरमार बंदुका घेतलेले रझाकार. रणगाड्यांपुढे त्यांचा टिकाव लागणे शक्य नव्हते. १७ सप्टेंबरला लायक अली सरकारने राजीनामा दिला. संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली. १८ तारखेला एल एद्रूसने चौधरींपुढे शरणागती पत्करली आणि १९ ला रझवीला अटक झाली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगाबाहेर आले. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी आपल्या पुस्तकात रझाकार आणि अनियमित फौजांतल्या मृतांचा आकडा आठशेहून थोडा अधिक दिला आहे.

मोहीम पाच दिवसांत आटोपली. देशात दंगली उसळल्या नाहीत, मुंबईवर विमाने आली नाहीत. नेहरूंची आणि बुचर यांची भीती खोटी ठरली, असे वाटले.

नंतरचे महिने

नेहरूंची भीती निराळ्या जागी खरी ठरली. रझाकार पळाले किंवा पकडले गेले, निजामाचे पोलीस गायब झाले, तहसील कचेऱ्या ओस पडल्या. फौज मोठ्या रस्त्यांनी पुढे गेली आणि मागे खेडी मोकळी राहिली. या पोकळीत सूड सुरू झाला. ज्या गावात रझाकारांनी छळ केला होता तिथे, आणि केला नव्हता तिथेही, मुसलमानांवर हल्ले झाले.

बातम्या दिल्लीला पोचल्यावर नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सदिच्छा मंडळ पाठवले. त्यात हैदराबादच्या ‘पयाम’ दैनिकाचे संस्थापक-संपादक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. १९४८ च्या अखेरीस ते सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले, शंभराहून अधिक गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत होरपळलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्या चार जिल्ह्यांतच अठरा हजारांच्या खाली आकडा नाही, असे त्यांनी लिहिले. रझवीचे गाव म्हणून लातूरने सर्वांत जबर किंमत मोजली. तिथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार सापडले. बाकीचे काही मारले गेले, पुष्कळसे परागंदा झाले.

हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण मेनन यांचे आठशे आणि सुंदरलाल यांचे सत्तावीस हजार हे दोन आकडे शेजारी ठेवले की, कुठल्या प्रश्नाचे उत्तर कोण देत होते हे कळते. मेनन लढाईची हानी सांगत होते. माणसे मेली ती लढाईत नव्हे, लढाई जिंकल्यानंतर.

अहवालात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही सांगायला हव्यात. एक, काही ठिकाणी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या माणसांनी लुटीला फूस दिली, प्रसंगी भागही घेतला. इतर ठिकाणी अधिकाऱ्यांनी जमाव रोखून मुसलमान वस्त्या वाचवल्या. म्हणजे वाचणे-मरणे हे त्या गावी कोणता अधिकारी आला यावर ठरले. दुसरी, शेजारी शेजाऱ्याच्या आड उभे राहिले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवले आणि त्यात काहींनी जीव गमावला. मागावरची सोबत धर्मापेक्षा घट्ट ठरली.

पटेलांना हा अहवाल पसंत पडला नाही. मंडळाला चौकशीचा अधिकारच नव्हता, रझाकारांचे अत्याचार त्यात झाकले गेले, असा त्यांचा आक्षेप होता. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. उतारे नंतर छापून आले, पण दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचकांना पाहता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे पासष्ट वर्षांनी. तोवर खेड्यांतून निघालेले मुसलमान हैदराबाद शहरात येऊन कायमचे राहिले होते आणि त्यांच्या नातवंडांनी ही हकीकत घरातच ऐकली होती. दुसरीकडे मराठवाड्यात दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होत होते आणि शाळेतल्या भाषणांत मुक्तिसंग्राम १७ तारखेला संध्याकाळी संपत होता. तेलंगणात तर या तारखेला मुक्ती म्हणायचे, एकीकरण म्हणायचे की आणखी काही, यावर दरवर्षी पक्षांची जुंपते.

मराठीत हा विषय कोणी हाताळलाच नाही, असे नाही. अनंत भालेरावांनी मराठवाड्याच्या लढ्याचा मोठा इतिहास लिहिला. शिक्षणासाठी हैदराबादेत राहिलेल्या नरहर कुरुंदकरांनी निजामी राज्याच्या स्वरूपावर धारदार लेख लिहिले. पण रझाकारीवर आपल्याकडे जितकी पाने आहेत, त्याच्या अल्पशा हिश्श्यातही सप्टेंबरनंतरचे लातूर-उस्मानाबाद मावलेले नाही.

फौज गेल्यावर राज्य कोणाच्या हाती?

तरीही हैदराबादची मोहीम टिकली. पन्नासेक वर्षांनी अमेरिकेने अशाच वादानंतर अफगाणिस्तानात फौज पाठवली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ७ ऑक्टोबरला बॉम्बफेक सुरू झाली, वर्ष संपायच्या आत तालिबानची राजवट कोसळली आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी तीच राजवट काबूलमध्ये परत आली. राजवट पाडायला तिथेही फार वेळ लागला नव्हता. फरक पुढच्या वर्षांत पडला.

हैदराबादेत लष्करी राज्यपाल म्हणून चौधरी आले आणि साधारण सव्वा वर्षात गेले. जानेवारी १९५० मध्ये वेल्लोडी हे मुलकी मुख्यमंत्री झाले. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक होऊन बुर्गुल रामकृष्ण राव यांचे निर्वाचित सरकार आले. रझाकारांविरुद्ध आलेली फौज तेलंगणात कम्युनिस्टांवरही चालवली गेली आणि तो संघर्ष ऑक्टोबर १९५१ पर्यंत चालला. पण त्याच १९५२ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पुढारी रवि नारायण रेड्डी नळगोंड्यातून नेहरूंहूनही जास्त मतांनी लोकसभेवर निवडून आले. कालपर्यंत ज्याला फौज शोधत होती तो संसदेत बसू शकला, ही छोटी गोष्ट नाही. १९५६ मध्ये संस्थान भाषेनुसार वाटले गेले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात, पुढे १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

हे शक्य झाले कारण राज्य हाती घेणारी माणसे आधीपासून तयार होती. ती रणगाड्यांतून उतरली नव्हती. वाचनालयाच्या वर्गणीची पावती फाडताना, शाळेच्या कमिटीत भांडताना, परिषदेचे ठराव लिहिताना, सत्याग्रहात तुरुंग भोगताना ती घडली होती. त्यांच्यातली कितीतरी सुलतान बाजाराच्या आसपासच्या चार-पाच संस्थांतून गेली होती. विवेक वर्धिनी आणि भाषा निलयम यांनी चाळीस वर्षे केलेले काम कोणत्याही सेनापतीच्या नकाशावर नसते. परक्या मुलखात फौज पाठवणाऱ्याला राजवट पाडता येते, असे काम मागाहून उभारता येत नाही.

तरी या संस्थांनाही एक गोष्ट जमली नाही. त्या भाषावार होत्या आणि खेड्यातला गरीब मुसलमान त्यांच्या दारात क्वचितच आला होता. निजामाचे राज्य गेले तेव्हा या गरीब मुसलमानाच्या बाजूने बोलणारे संघटित कोणी उरले नाही. जे बोलू शकले असते, त्यांच्यातला शोएबुल्ला जेमतेम चार आठवड्यांपूर्वीच मारला गेला होता.

गोकुळ चाटचा दिवस

याच परिसराने दहशतीला दिलेले दुसरे उत्तरही पाहिले आहे. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी कोठीच्या गोकुळ चाट भांडारात, पाणीपुरी-रगड्यासाठी गर्दी उसळलेली असताना, स्फोट झाला. त्याच सुमारास लुंबिनी पार्कमध्येही झाला. दोन्ही मिळून चाळीसहून अधिक माणसे गेली. या वेळी सरहद्दीपलीकडे सैन्य गेले नाही. तपास झाला, खटला चालला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने दोघांना फाशी आणि एकाला जन्मठेप सुनावली. न्याय मिळायला अकरा वर्षे लागली.

हा मार्गही निर्दोष नव्हता. २००७ च्याच मे महिन्यात शहरातल्या मक्का मशिदीत स्फोट झाला होता. त्यानंतर शहरातले अनेक मुसलमान तरुण उचलले गेले, पुढे निर्दोष सुटले आणि सरकारला त्यांना भरपाई द्यावी लागली. पण चूक झाली ती कोर्टात उघडी पडली, माणसे जिवंत होती आणि भरपाई मागायला जागा होती. लातूरच्या माणसांना ही सोय नव्हती.

म्हणून १९४८ आणि २००७ यांत एक चांगला आणि एक वाईट मार्ग निवडण्यात अर्थ नाही. २००७ मध्ये पोलीस, न्यायालये, वकील, वर्तमानपत्रे हे सारे जागेवर होते; त्यांना काम करू देणे पुरेसे होते. १९४८ मध्ये राज्याची यंत्रणाच दहशत करणाऱ्यांच्या बाजूने झुकली होती आणि तिच्यावर दाद मागायला वर कोणी नव्हते. यंत्रणा शिल्लक असेल तिथे सैन्य ही घाई ठरते. नसेल तिथे सैन्य कदाचित अपरिहार्य ठरते. पण मग नवी यंत्रणा पहिल्याच दिवशी गावागावांत उभी करणे हे मोहिमेचेच काम ठरते, तिच्यानंतरचे नव्हे. सोलापूरहून रणगाड्यांमागे तहसीलदार, हवालदार आणि दंडाधिकारी यांच्या तुकड्या त्याच वेगाने निघायला हव्या होत्या. त्या पुरेशा निघाल्या नाहीत, आणि बोरीवरचा पूल वाचवण्याची जितकी आखणी झाली तितकी लातूरची मुसलमान गल्ली वाचवण्याची झाली नाही.

पोलीस अ‍ॅक्शन योग्य होते का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्याने पुढचा प्रश्नही स्वतःच विचारला पाहिजे, कारण तो विचारण्याचा अधिकार विरोधकांपेक्षा त्याचा जास्त आहे. रझाकारांपासून प्रजेला वाचवण्यासाठी सैन्य गेले, असे आपण म्हणतो. लातूरचा मुसलमान हीही तीच प्रजा होती. त्याचा हिशेब मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात आला म्हणजे त्या लढ्याची किंमत कमी होणार नाही. सैन्य पाठवणे बरोबर होते हे आपले म्हणणे तेव्हाच कोणापुढेही, अगदी लातूर सोडून हैदराबादेत आलेल्या घराण्यापुढेही, मान वर करून मांडता येईल.